बोनस देतो, मिठाई देतो, तरी माणसं म्हणतात 'आमची कोणाला किंमत नाही', काय चुकतंय?

प्रश्न थोडक्यात असा. जळगाव एमआयडीसीत घरची डाळमिल, कायम कामगार आणि ठेकेदाराची माणसं धरून साठेक जण. धाकटे मालक पुण्याहून एमबीए करून परत आले आणि त्यांनी हजेरी पाहून 'महिन्याचा उत्तम कर्मचारी' निवडणं सुरू केलं. वाढदिवसाला व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटोसकट शुभेच्छा, निवडलेल्या माणसाला पाचशेचं व्हाउचर. वडिलांच्या मते ही सगळी थेरं आहेत. कौतुक केलं की माणूस डोक्यावर बसतो. तेवढ्यात दोन जुने ऑपरेटर सोडून गेले. त्यातला एक जाता जाता म्हणाला, "पगाराचं काही नाही भाऊ, पन आमचं काम मालकाले दिसते का?" आता धाकट्या मालकांची विचारणा अशी की चुकतंय कुठे, आणि तो 'उत्तम कर्मचारी' चालू ठेवावा की बंद करावा.

मी खान्देशातल्या कारखान्यांमध्ये पर्सोनेल खात्यात (आता त्याला एचआर म्हणतात) उभी नोकरी काढली. डाळमिल, जिनिंग, पाइप, चटई, सगळीकडे हीच तक्रार थोड्या वेगळ्या शब्दांत ऐकली. तुमच्या ऑपरेटरने जाता जाता नेमकं दुखणं सांगितलं आहे. त्याला टाळ्या नको होत्या. आपण काय करतो हे वरच्या माणसाला कळतं की नाही, एवढाच त्याचा सवाल होता. आणि तुमच्या तीनही योजना काम न बघता चालवता येतात, घोळ तिथेच आहे. वाढदिवस आधार कार्डावरून कळतो, व्हाउचर दुकानातून येतं, उत्तम कर्मचारी हजेरीपत्रकावरून निवडता येतो. मिलमध्ये पाऊल न टाकता हे सगळं पार पडतं, आणि कामगाराला ते बरोबर समजतं.

आधी पैशांचा विषय संपवू, कारण तिथे मालकांचा मोठा गैरसमज असतो. कायद्याने देणं लागतं त्याला कौतुक म्हणायचं नाही. बोनस किमान ८.३३ टक्के हा कायद्याचा आकडा आहे, वरची मर्यादा २० टक्के. सरकारने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत वेतन असलेल्याचा तो हक्क आहे, मालकाची मर्जी नव्हे. जादा तासांचे दुप्पट दराने पैसे, ग्रॅच्युइटी, प्यायला स्वच्छ पाणी, हेही तसंच. दिवाळीच्या आधी माइक लावून 'आम्ही तुमच्यासाठी बोनस जाहीर करत आहोत' असं भाषण मी पुष्कळदा ऐकलंय. खाली बसलेल्यांचे चेहरे पाहिले तर भाषण करणारा दुसऱ्यांदा माइक हातात धरणार नाही. आठव्या टक्क्याला टाळ्या कोण वाजवणार? हे देणं वेळेवर, पूर्ण आणि गाजावाजा न करता द्या. त्यात उशीर झाला, दोनशे रुपये कापले गेले, ओव्हरटाइमचे तास 'ॲडजस्ट' झाले, तर पुढे कितीही गोड बोला, ते जखमेवर मीठच.

खान्देशात हा विषय निघाला की कोणीतरी अमळनेरचं उदाहरण काढतोच. १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून तिथे सुरू झालेल्या कंपनीची पुढे विप्रो झाली, आणि गावातल्या ज्या साध्या माणसांनी शेअर घेऊन जपून ठेवले त्यांची घरं वर आली. गोष्ट खरी आहे, ऐकायला छानही आहे. पण ती गुंतवणुकीची गोष्ट आहे. तुमच्या भागीदारी फर्ममध्ये तिचा काही उपयोग नाही, तेव्हा कोणी ती सांगून तुम्हाला भारावून टाकत असेल तर चहा पाजून पाठवा.

आता खरं काम. तुमच्या मिलमध्ये तुरीची साल घासून काढणाऱ्या एमरी रोलरवर जो माणूस उभा असतो, त्याच्याजवळ एक पूर्ण पाळी उभे राहा. मोबाईल खिशात. तो काय करतो ते बघा. गुलबर्ग्याची तूर, विदर्भातली लाल तूर, बर्माहून येणारी लेमन तूर, प्रत्येकीची साल वेगळी सुटते. जानेवारीत आलेल्या नव्या मालात ओल असते. तेल-पाणी लावून ढिगात मुरवलेली, गच्चीवर वाळवलेली तूर रोलरला आली की हा माणूस खालून मूठभर डाळ घेतो, तळहातावर पसरतो, अंगठ्याने फिरवतो. साल राहिलीय का, कडा तुटल्यात का, पावडर किती चिकटते. मग रोलरचा आवाज ऐकतो आणि दाब किंवा वरून पडणारा माल थोडा कमी-जास्त करतो. दाब जास्त झाला की डाळीचे कण होऊन चुनीत, म्हणजे कण-पावडरच्या कमी भावाच्या मालात, जातात. कमी झाला की साल तशीच राहते आणि माल पुन्हा फिरवावा लागतो. दिवसाला वीस टन तूर भरडत असाल तर उताऱ्यातला, म्हणजे तुरीतून निघणाऱ्या डाळीतला, एक टक्का म्हणजे दोनशे किलो. डाळ आणि चुनीच्या भावात किलोमागे साठ रुपयांचा फरक धरा, रोजचे बारा हजार झाले. हे बारा हजार त्या माणसाच्या अंगठ्यात आहेत. तुमच्या हिशोबाच्या वहीत ते 'उतारा चांगला' म्हणून दिसतात, त्याच्या नावावर कुठेच चढत नाहीत.

अशा माणसाला तुम्ही जाता येता 'काय, चाललंय ना बरोबर? छान, छान' म्हणालात तर त्याला काय वाटेल? छान म्हणजे काय छान? ह्याच माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन म्हणा, "काल रात्रीच्या पाळीत चुनीची पोती नेहमीपेक्षा कमी निघाली. माल तर ओलाच होता. काय केलंत?" एवढं विचारून गप्प राहा. तो पाच मिनिटं बोलेल. त्यातली दोन मिनिटं तुम्हाला कळणार नाहीत, चालेल. त्यात कुठेही धन्यवाद, अभिनंदन, आभार असा शब्द नाही, पण त्याच्या दृष्टीने एवढं मोठं कौतुक दुसरं नाही. मालकाने चुनीची पोती मोजली, मालाची ओल लक्षात ठेवली, आणि त्यामागे आपला हात आहे हे ओळखलं. घरी जाऊन तो बायकोला हे सांगतो. व्हाउचरचं सांगत नाही, व्हाउचरचं साबण-तेल होतं.

म्हणून माझा पहिला नियम: कौतुकाच्या वाक्यात कामाचा तपशील हवा. कोणता लॉट, कोणती पाळी, काय निराळं केलं, त्याने काय फायदा झाला. तपशील नसेल तर बोलू नका, बघायला जा. आणि ते लगेच बोला. जानेवारीतल्या कामाचं दिवाळीत कौतुक केलं तर तो माणूस स्वतःच आठवत बसतो की आपण नेमकं काय केलं होतं.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे, आणि मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाची. कारखान्यात कौतुक कोणाचं होतं? बिघाड दुरुस्त करणाऱ्याचं. तूर जोरात येते त्या हंगामात, रात्री दोनला माल वर चढवणाऱ्या बकेट एलिव्हेटरचा पट्टा तुटला, फिटर धावत आला, पहाटेपर्यंत खपला, सकाळी मिल चालू. सगळे त्याच्या पाठीवर थाप मारतात, मालक नाश्ता मागवतात. योग्यच आहे. पण दुसरा एक फिटर असतो. तो पाळीच्या सुरुवातीला प्रत्येक बेअरिंगच्या घरावर हात ठेवत पुढे जातो. हात चटकला की थांबतो, ग्रीस देतो, पट्टा सरकतोय का ते वाकून बघतो, नट आवळतो. त्याच्या पाळीत काही मोडत नाही. त्यामुळे त्याच्या पाळीत घडतही काही नाही, आणि न घडलेल्या गोष्टीचा फोटो निघत नाही. हळूहळू दोघांनाही धडा मिळतो: ह्या कंपनीत आग विझवणाऱ्याला मान आहे, आग लागू न देणाऱ्याला नाही. मग चांगला फिटर एक तर सोडून जातो, नाहीतर तोही बेअरिंगवर हात ठेवणं सोडून देतो. तुमचे जे दोघे गेले त्यांची पाळी आठवून बघा. त्यांच्या पाळीतल्या बंद पडण्याच्या नोंदी काढा. माझा अंदाज आहे की त्या वहीत त्यांच्या नावापुढे फारसं काही सापडणार नाही, आणि म्हणूनच ते कोणाच्या नजरेत आले नाहीत.

ह्यावर उपाय साधा आहे, फक्त चिकाटी लागते. बिघाडाची वही असते तशी 'बिघाड झाला नाही' ह्याचीही नोंद ठेवा. महिनाअखेर बसून बघा कोणाच्या पाळीत मशीन किती वेळ सलग चाललं. मग त्या माणसाकडे जाऊन आकडा सांगा. 'ह्या महिन्यात तुमच्या पाळीत एलिव्हेटर एकदाही थांबला नाही. मी वही पाहिली.' बस्स. पुन्हा तेच, शब्दांची सजावट नको.

आणि रात्रभर थांबणाऱ्याबद्दल एक सावधगिरी. एकदा थांबला, कौतुक करा. दुसऱ्यांदा थांबला, कौतुक करा आणि जादा तासांचे पैसे त्याच आठवड्यात द्या. तिसऱ्यांदा थांबावं लागलं तर माणसं कमी आहेत किंवा मशीन जुनं झालंय, आणि ते तुमचं काम आहे. तिथे 'आमचा वाघ' वगैरे म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या झोपेवर आपला खर्च वाचवणं.

आता वडिलांच्या मुद्द्याकडे येतो. त्यांना थेट चूक म्हणू नका. आपल्याकडे तोंडावर स्तुती करायची रीतच नाही. शेतात मुलाने दिवसभर कापूस वेचला तरी बाप संध्याकाळी पोतं हलवून बघतो आणि 'हं, बरं' म्हणतो. त्या 'बरं'मध्ये पुष्कळ काही असतं आणि मुलाला ते कळतं, कारण बाप दिवसभर त्याच्या शेजारच्या ओळीत होता. तुमच्या वडिलांनी मिल उभी केली तेव्हा तेही रोलरपाशी उभे असणार. तेव्हा त्यांचं एक हुंकारणं पुरत होतं. तुम्ही मात्र केबिनमध्ये बसता, काचेपलीकडे. तुमच्या 'बरं'ला ती किंमत येणार नाही, तुम्हाला बोलावंच लागेल. हे त्यांना असंच सांगून बघा, पटेल.

बोलताना अवघडल्यासारखं होतं हे खरं. मोठ्या वयाच्या ऑपरेटरला पंचविशीतला मालक काय सांगणार? पण ह्या अवघडलेपणावर अभ्यास झालेला आहे. अमित कुमार आणि निकोलस एप्ली ह्या दोन संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांमध्ये लोकांना कोणाला तरी आभाराचं पत्र लिहायला सांगितलं, आणि समोरच्याला ते वाचून कसं वाटेल ह्याचा अंदाज विचारला. लिहिणाऱ्यांना वाटलं, समोरचा अवघडेल, आपले शब्द धड जमलेले नाहीत. प्रत्यक्षात वाचणारे त्यांच्या अंदाजापेक्षा कमी अवघडले आणि कितीतरी जास्त खूश झाले. म्हणजे संकोच बोलणाऱ्याच्या बाजूला मोठा असतो. ऐकणारा शब्द तपासत बसत नाही. तेव्हा वाक्य तुटकं आलं, मध्येच अडखळलात, तरी बोला.

'डोक्यावर बसतो' ह्यात तथ्य किती? थोडं आहे. कौतुक झालेला माणूस पुढच्या महिन्यात पगारवाढ मागू शकतो. मागू द्या. तुम्ही त्याला सांगितलं की तुझ्या अंगठ्यामुळे रोजचे बारा हजार वाचतात, तर त्याने त्यातले काही मागणं अडाणीपणाचं नाही. वाढ देता येत असेल तर द्या, नसेल तर का नाही ते आकडे दाखवून सांगा. आणि ह्या भीतीने गप्प बसलात तर तो शेजारच्या मिलमालकाकडून ऐकेल की तू फार चांगला ऑपरेटर आहेस, ये आमच्याकडे. एमआयडीसीत अंतर किती असतं? दोन गल्ल्या.

बोलायचं कोणी, हा पुढचा प्रश्न. रोजचं बोलणं सुपरवायझरचं आहे, तुमचं नाही. काम तो बघतो. पण तुमचा सुपरवायझर तसं बोलतो का? बहुधा नाही, कारण त्याला कोणी कधी बोललेलं नाही. वरून तुमची बोलणी आणि खालून माणसांची कुरकुर, ह्या दोन्हींत तो भरडला जातो. सुरुवात त्याच्यापासून करा. आठवड्यातून एकदा त्याला विचारा, "ह्या आठवड्यात तुझ्या पाळीत कोणी काही चांगलं केलं?" पहिल्या वेळी तो 'सगळेच चांगले आहेत साहेब' म्हणेल. दुसऱ्या वेळीही. तिसऱ्या-चौथ्या वेळेला तो आठवड्यात बघून ठेवायला लागतो, कारण आता हा प्रश्न येणार हे त्याला माहीत असतं. मग त्याने सांगितलेल्या माणसाकडे तुम्ही जा आणि म्हणा, 'पाटील सुपरवायझर सांगत होते, तुम्ही...' ह्याने दोघांचं काम होतं. कामगाराला कळतं की सुपरवायझर आपल्या मागे आपलं चांगलं बोलतो, आणि सुपरवायझरचा शब्द वर पोचतो हेही. सुपरवायझरला टाळून थेट कामगारांचं कौतुक करत फिरलात तर आठ दिवसांत तुमच्याविषयी दुसऱ्या गोष्टी सुरू होतील.

निवडण-टिपण करणाऱ्या बायकांच्या बाबतीत जरा भान ठेवा. तरुण मालकाने एका बाईचं नाव घेऊन सगळ्यांसमोर स्तुती केली की दुपारच्या डब्याला चर्चा त्या बाईच्या कामाची होत नाही. शहरातल्या ऑफिसात हे खपतं, इथे तिच्या घरापर्यंत जातं. तिथे पूर्ण गटाला बोला: 'ह्या लॉटमध्ये एकही खडा निघाला नाही, व्यापाऱ्याचा फोन आला होता.' एकटीला सांगायचं असेल तर त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या मावशींच्या तोंडून जाऊ द्या. आणि व्यापाऱ्याचा फोन खरोखर आला असेल तरच सांगा. पुढचा फोन आला तर स्पीकरवर लावा.

आता ठेकेदाराची माणसं. हे मी सगळीकडे पाहिलं आहे आणि कुठेही पाहिलं की चीड येते. दिवाळीला कायम कामगारांची रांग लागते, मिठाईचा डबा, पिशवी, मालकांबरोबर फोटो. त्याच वेळी गेटजवळ ठेकेदाराची दहा-पंधरा माणसं उभी असतात. सातपुड्यातून आलेली पोरं, मध्य प्रदेशातून आलेली जोडपी. काम तेच, पोतं तेवढंच जड. 'त्यांचं ठेकेदार बघेल' असं म्हणून विषय संपतो. हमालांचंही तसंच, त्यांची नोंद माथाडी मंडळाकडे, म्हणून ते 'आपले' नाहीत. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यांना मजुरीचं आणि सोयींचं संरक्षण दिलं, तुमच्या दारात त्यांना परकं ठरवायला सांगितलेलं नाही. साठ डबे आणायचे असतील तर साठ आणा. पैसे कमी असतील तर लहान डबे आणा, पण आणा सगळ्यांना. अर्धवट वाटलेल्या मिठाईने जेवढं नुकसान होतं तेवढं न वाटलेल्या मिठाईने होत नाही.

खान्देशात राहून कळलेली, पुण्यातल्या पुस्तकांत सापडणार नाही अशी एक गोष्ट सांगतो. इथल्या माणसाला पाचशेच्या व्हाउचरपेक्षा योग्य दिवसाची सुट्टी मोठी वाटते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ज्यांच्याकडे कानबाई (खान्देशातली घरोघरची देवी) बसते, त्यांच्या घरी सुरतेपासून पुण्यापर्यंतचे भाऊबंद जमतात. सोमवारी विसर्जन होतं. त्या घरातला माणूस रविवारी रात्रपाळीला आला तर त्याचं शरीर रोलरपाशी आणि जीव घरी. आषाढातच यादी करा, कोणाकडे कानबाई आहे. त्यांना न मागता सांगा की ह्या दोन दिवसांची सोय झाली आहे, तुमच्या जागी अमुक माणूस उभा राहील, आणि त्याच्या सणाला तुम्ही उभे राहाल. आखाजीला (अक्षय तृतीयेला) बायकांना माहेरी जायचं असतं, तेव्हाही हेच. सुट्टी रजेच्या हिशोबातलीच असू दे, जादा खर्च काही नाही. पण मागून, अर्ज करून, दोनदा नकार ऐकून मिळालेली सुट्टी आणि आपणहून विचारून मिळालेली सुट्टी ह्यांत फार फरक आहे.

तसंच मे महिन्याचं. पारा पंचेचाळीसकडे जातो तेव्हा गच्चीवर वाळवण परतणाऱ्या माणसांचं काम पहाटे सुरू करून अकराच्या आत खाली उतरवता येतं. वाळवणाला ऊन हवं, माणसाला नको. परतायच्या वेळा तेवढ्या साधायच्या. ज्या मिलमध्ये हे केलं तिथे मालकाबद्दल जे बोललं जातं ते एकदा गुपचूप ऐका. बदल कसा करायचा हे मात्र त्या माणसांनाच विचारा. कोणत्या वेळी किती फेऱ्या लागतात हे त्यांना पाठ असतं. विचारणं हाच त्यांच्या कामाला दिलेला मान.

भरीत पार्टीबद्दल विचारलं नाहीत, पण थंडी पडली की ती होणारच, म्हणून सांगून ठेवतो. कल्पना उत्तम आहे. शेतात काड्यांच्या जाळावर वांगी, हिरवी मिरची, कांद्याची पात, कळण्याची भाकरी, ह्यापेक्षा चांगला कार्यक्रम कोणत्याही इव्हेंटवाल्याला सुचणार नाही. पण बहुतेक ठिकाणी होतं असं की निवडणीच्या बायकांनाच भाकरी थापायला आणि वांगी सोलायला बसवतात आणि मालकांचे मित्र गाद्यांवर. ही त्या बायकांना दिलेली पार्टी नव्हे, जादा पाळी आहे. स्वयंपाकाला बाहेरची माणसं सांगा आणि वाढायला तुम्ही, तुमचे वडील आणि घरची मंडळी उभे राहा. साठ पानं होईपर्यंत उभे राहा. भाषण करू नका. आणि पार्टी रविवारी ठेवून लोकांचा सुट्टीचा दिवस खाऊ नका; शनिवारी दुपारी मिल बंद करून जा.

कामगारांच्या मुलांचा दहावी-बारावीचा गुणगौरव बऱ्याच जणांना आवडतो. मला तितकासा आवडत नाही. ऐंशी टक्क्यांच्या वरच्या चार मुलांना व्यासपीठ मिळतं आणि बावन्न टक्केवाल्याचा बाप मागे उभा राहून टाळ्या वाजवतो. तो बाप तुमच्याकडे काम करतो, त्याचा मुलगा नाही. जूनमध्ये सगळ्यांच्या मुलांना वह्या द्या, झालं.

आता उरला 'उत्तम कर्मचारी'. तुम्ही तो हजेरीवर निवडता असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं, आणि हे बहुतेक जण करतात, कारण हजेरी मोजायला सोपी. अमेरिकेतल्या एका कंपनीच्या पाच लॉन्ड्री कारखान्यांपैकी एकात महिनाभर वेळेवर हजर राहणाऱ्यांसाठी असंच बक्षीस सुरू केलं होतं. तीन संशोधकांनी त्याचे आकडे तपासून २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. काही कामगारांनी बक्षिसाच्या अटीत बसण्यापुरते डाव शोधले: उशीर होतोय असं दिसलं की आजारी असल्याचं कळवायचं, म्हणजे 'उशीर' लागत नाही. आणि जे आधीपासून मनापासून वेळेवर येत होते, त्यांच्या कामाचा वेग उतरला. आपण जे विनाबक्षीस करत होतो त्यासाठी आता दुसऱ्यांना बक्षीस मिळतंय, हे त्यांना खुपलं. तुमच्या दोन जुन्या ऑपरेटरांचं काय झालं असेल ते ह्यावरून ताडून बघा. वर्षानुवर्षं पाळी न चुकवणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर, एक महिना नीट आलेल्या पोराचा फोटो भिंतीवर लागला असेल.

शिवाय तीन-चार महिन्यांनी ठरावीक घडतं. सगळे नाराज होऊ नयेत म्हणून मालक पाळीपाळीने नावं काढतात. एकदा लोकांना कळलं की ह्या महिन्यात पॅकिंगचा नंबर आहे, की तो फलक भिशीसारखा होतो.

तेव्हा बंद करा, पण एकदम उतरवू नका आणि कारणं सांगत ग्रुपवर लांब संदेशही टाकू नका. ज्याचा फोटो आता भिंतीवर आहे त्याचा अपमान होता कामा नये. ह्या महिन्याचा निवडलेला राहू दे. पुढच्या महिन्यापासून त्याच भिंतीवर पाटी लावा आणि त्यावर माणसाऐवजी काम लिहा, एका ओळीत, सुपरवायझरच्या अक्षरात: अमुक पाळीने लेमन तुरीच्या लॉटमध्ये चुनी कमी काढली, तमुक पाळीत एलिव्हेटर महिनाभर थांबला नाही, निवडणीच्या गटाचा एकही माल परत आला नाही. नावं पूर्ण पाळीची, ठेकेदाराची माणसं धरून. एखाद्या महिन्यात लिहिण्यासारखं काही नसलं तर पाटी कोरी ठेवा, ओढूनताणून भरू नका. पाचशेचं व्हाउचर बंद करून ते पैसे वर्षाला साठवा आणि चुनीतून जे वाचतं त्याचा एक ठरलेला हिस्सा त्यात घालून मार्चअखेर पूर्ण पाळीत वाटा, हिशोबाचा कागद पाटीशेजारी लावून. हा हिस्सा किती ते वडिलांना ठरवू द्या. पैसे ते देणार आहेत, आणि आकडा त्यांच्या तोंडून गेला तर मिलमध्ये त्यावर कोणी शंका घेणार नाही.

सोडून गेलेल्या त्या ऑपरेटरला फोन करा. परत बोलावण्यासाठी नाही. तो नव्या ठिकाणी रुळला असेल. तुमच्या रोलरवर आता जो नवा पोरगा उभा आहे त्याला ओल्या मालात दाब किती ठेवायचा ते विचारण्यासाठी. त्याला ते माहीत आहे, तुम्हाला नाही. बहुधा सांगेल.